मडम, म्हैस आणि माझं भाषांतर

आमच्या घरात चमत्कार सोडून सगळं होतं. डोणगावच्या चर्चमागे दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात पेटीभर गीतपुस्तकं, परसात पेरूचं झाड, चुलीवर बारा महिने रटरटणारं बेसन, आणि एक हार्मोनियम, जिच्यात उंदरांची सातवी पिढी सुखानं नांदत होती. वरच्या सप्तकातला सा दाबला की पट्टीबरोबर एक शेपटीही हलायची. घंटा म्हणून रुळाचा तुकडा कडुनिंबाला टांगलेला होता. रविवारी आई तो लोखंडी सळईनं बडवायची, तेव्हा पार मेहकरच्या म्हशी दचकून उठत, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मीच म्हणायचे, पण पुढे लोकही म्हणू लागले. या सगळ्या गदारोळाच्या मधोमध माझे बाबा बसलेले असत, मंडळीचे पाळकसाहेब. नगरकडचे, शुद्ध बोलणारे, कुणी जोरात शिंकलं तरी आपणच माफी मागणारे. त्यांची प्रार्थना इतकी हळू आवाजात चाले की देवालाही पुढे वाकून कानामागे हात धरावा लागत असेल.

आमच्या मंडळीत एक रीत होती. ज्याचं मागणं पुरं झालं त्यानं रविवारी उभं राहून साक्ष द्यायची, कोणत्या सामर्थ्यानं झालं ते सांगायचं, आणि मग सगळ्यांना जेवू घालायचं. जेवण म्हणजे रोडगे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आता झालं असं की तीन वर्षं कुणी साक्षीला उभंच राहिलं नव्हतं. चमत्कारावाचून तीन वर्षं श्रद्धा टिकवणारी माणसं मी पाहिली आहेत, पण रोडग्यांवाचून तीन वर्षं म्हणजे फार झालं. तशात मेहकरला एक नवा प्रार्थनावाला आला होता. त्याच्याकडे लाउडस्पीकर होता, आणि भिंतीला बऱ्या झालेल्या लंगड्यांच्या कुबड्या टांगलेल्या होत्या. मी स्वतः जाऊन पाहिल्या. दोन कुबड्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच होती. पण आमची मंडळी एसटीनं तिकडे गळू लागली ती लागलीच.

मंडळीच्या पंचांचे प्रमुख होते शिमोनराव. सहा फुटांचा माणूस, मिशा अशा की डावी डोणगावात आणि उजवी शिवेपलीकडे. त्यांच्या चंद्री नावाच्या म्हशीची वगार, म्हणजे कोवळी पारडी, मेली होती आणि तेव्हापासून चंद्री पान्हा चोरत होती. सरकी घातली, ढेप घातली, अंगावरून हात फिरवून झाले, पण एक थेंब देईना. शिमोनरावांनी बाबांना म्हशीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. बाबा म्हणाले, "करीन." महिना गेला. मग शिमोनरावांनी ओसरीवर येऊन, आईच्या हातचा चहा पिऊन, मिशा पुसून सांगितलं, "पाळकसाहेब, तुमी मानूस सोन्यासारके. पन तुमच्या प्रार्थनेनं एक म्हैस हालत नाही, तं मंडळी कशी हालंल? येत्या रविवारी पंचाची बैठक आहे. बदलीचं पत्र लिवतो म्हनून सांगून राह्यलो. रागावू नोका."

बाबांची ती बारावी बदली झाली असती. आई चुलीपुढे बसली होती, माहेर वरवट बकालचं, जीभ तिकडची. तव्यावरची भाकर उलटून ती बाबांना म्हणाली, "अकरा डाव भांडे बांधले मी. आता नाही बांधत. माही बालवाडी इथं आहे, पोट्टीचं कॉलेज मेहकरले आहे. तुमी जा. आमी दोघी इथंच राह्यतो." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती भाकर फुगते का ते बघत बघत म्हणाली, म्हणून आम्हां दोघांनाही कळलं की हे खरं आहे. त्या रात्रीचं बेसन मी खाल्लं नाही. आजही बेसन समोर आलं की आधी त्या भाकरीचा वास येतो, मग भूक लागते.

सोमवारी दुपारी एसटी थांबली आणि कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "ओ पाळकसाहेब, तुमची मडम आली!" खाली उतरली एक साठीची गोरी बाई. कापलेले पांढरे केस, पायात नांगरट करता येईल असे बूट, पाठीवर तिच्याहून उंच पिशवी. तिला जायचं होतं लोणारचं सरोवर पाहायला. पण आमच्या भागात गोरी बाई एकटी दिसली की ती मिशनचीच, याबद्दल कुणालाच शंका नसे. जुन्या काळी दवाखाना चालवणाऱ्या मडम इथूनच बैलगाडीतून हिंडल्या होत्या. कंडक्टरनं तिचं ऐकूनच घेतलं नव्हतं. तिला आमच्या दारात उतरवून, पिशवी ओसरीवर टाकून, 'जय ख्रिस्त' म्हणून तो पसार झाला. ती पाणी पिऊन होईस्तोवर गावातली निम्मी मंडळी अंगणात जमली होती. तिच्या गळ्यात चांदीचा पाच टोकांचा तारा होता. त्याच्याकडे पाहून राहेलबाईंनी, म्हणजे आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासद बाईंनी, डोळ्यांना पदर लावला. "बेथलेहेमचा तारा हो माय!"

इंग्रजी येणारी मी एकटी. अठरा वर्षांची, बारावी पास, इंग्रजीत अठ्ठेचाळीस मार्क. बाबांना इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही, असा आमचा सगळ्यांचा समज. शिमोनराव मला म्हणाले, "सुवार्ता, मडमले इचार, कोन्या मिशनच्या? आन् कायले आल्या?" मी विचारलं. बाई गोड हसली आणि म्हणाली की तिचं नाव डोरीन, इंग्लंडात ती ग्रंथालयात नोकरीला होती, आणि पोरी, मी चेटकीण आहे.

मी तीन वेळा विचारून घेतलं. तिनं तिन्ही वेळा तेच सांगितलं, जसं कुणी सांगावं की मी शिंपीण आहे. तिच्या पंथाला विक्का म्हणतात, त्यात देवही असतो नि देवीही, चंद्राचे दिवस पाळतात, आणि पहिला नियम असा की कुणाचं वाईट करायचं नाही. माझा नातू परवा मोबाइलवर मला दाखवत होता, आजी, बघ, यांची तर आता संमेलनंसुद्धा भरतात. भरू देत. पण त्या दुपारी डोणगावात माझ्यासमोर चाळीस माणसं, त्यांच्यापुढे शिमोनरावांच्या मिशा, आणि दारात पदराला हात पुसत उभी असलेली आई होती. मी खाकरले आणि सांगितलं, "मडम म्हणतात, त्या आपल्या मंडळीचं काम बघायला आल्यात. वर कळवणार आहेत."

त्या एका वाक्यानं आठवडाभराचं काम लागलं. रोज कुणी ना कुणी मडमकडे आशीर्वाद मागायला यायचं, ती एक सांगायची आणि मी दुसरंच. खोटं बोलणं सोपं असतं, पण त्याला रोज चारा-पाणी करावं लागतं. पहिल्याच रात्री आईनं प्रेमानं वाढलेला ठेचा मडमनं चटणी समजून वाटीभर खाल्ला आणि पुढचे तीन दिवस ती परसातच राहायला गेली म्हणावं अशी परिस्थिती. पातेल्यानं पातेल्यानं ताक गेलं तिच्या पोटात. बाबा खोलीबाहेर बसून तिच्यासाठी हळू हळू प्रार्थना करत, आणि ती आतून विचारी, हे काय करतायत? मी म्हणे, मागतायत. ती म्हणे, कुणाला? मी म्हणे, देवाला. ती जरा विचार करून म्हणाली, आमच्यात मागत नाहीत, आमच्यात थोडं ढकलतात. जे निसर्गात आहे तेच, फक्त इकडे जरा जोर लावायचा. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर मंत्र टाकायचा नाही, आणि जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येतं. तुझ्या बाबांना सांग, त्यांना माझ्यासाठी मागायला माझी संमती आहे. मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं, "त्या म्हणतात, आमेन." बाबा काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग परत डोळे मिटले.

तिच्याजवळ एक काळ्या मुठीची सुरी होती. ती काहीही कापायला वापरायची नसते, तिनं फक्त वर्तुळ आखायचं असतं. हे मला कळेपर्यंत आईनं त्या सुरीनं दोन किलो कांदे चिरले होते. "काही कापत नाही, तं बाळगते कायले?" आई म्हणाली. डोरीनबाई कांदे पाहून पांढरी पडली. म्हणजे आणखी पांढरी. मग तिनं सुरी हुंगली, हसली आणि पुढच्या वेळचे कांदे स्वतः चिरायला बसली.

शुक्रवारी सकाळी ती उठून बसली तोच शिमोनराव न्यायला हजर. "मडमले म्हना, चंद्रीवर हात ठेवा." गोठ्यात आम्ही गेलो तेव्हा आधीच वीस-पंचवीस बघे जमलेले. मी डोरीनबाईला म्हैस, वगार, पान्हा सगळं समजावलं. ती चंद्रीपुढे उभी राहिली, सुरीनं जमिनीवर वर्तुळ आखलं, चार दिशांना चिमूट चिमूट मीठ टाकलं. लोक हात जोडून उभे. मग ती मला म्हणाली, तिची इच्छा आहे का? मी म्हटलं, कुणाची? म्हशीची, ती म्हणाली, तिला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

"काय म्हन्तात?" शिमोनराव.

"म्हशीशी ओळख करून घेतायत," मी म्हटलं.

ती ओळख पाऊण तास चालली. देवाशपथ सांगते, मी लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी नवऱ्या मुलाला इतका वेळ पाहिलं नाही. मडम म्हशीकडे बघतेय, म्हैस मडमकडे. मधे एकदा चंद्रीनं मीठ चाटलं. शेवटी डोरीनबाईनं सुस्कारा टाकला, वर्तुळ उलटं फिरून पुसलं आणि मला म्हणाली, नाही म्हणतेय. तिचं लेकरू गेलंय, तिला अजून वेळ हवाय. मी काहीही केलेलं नाही, त्यांना तसं सांग.

पंचवीस तोंडं माझ्याकडे वळलेली. परवा रविवार. मी म्हटलं, "मडम म्हणतात, काम झालं."

आणि शनिवारी सकाळी चंद्रीनं दूध दिलं! किती म्हणाल, तर शिमोनराव म्हणतात दोन बादल्या, त्यांची बायको म्हणते एक, आणि मी आजवर चार सांगत आले आहे. शिमोनराव बादली डोक्यावर घेऊन गावभर नाचले. रविवारी साक्ष! रविवारी रोडगे! मडम उभ्या राहून सांगतील, आणि बैठकीत लिहायचं की पाळकसाहेब इथेच राहतील. आईनं त्या दिवशी काहीएक न बोलता बांधायला काढलेली घमेली परत खुंटीला अडकवली. नाही बांधत म्हणूनही तिनं ती काढली होती, हे मला तेव्हाच कळलं. मी पेरूच्या झाडाखाली जाऊन बसले आणि मला हसू येत होतं की रडू, ते झाडालाही कळलं नसेल.

रविवारी चर्च इतकं भरलं की खिडक्यांत माणसं. मेहकरला गळालेलेही परत आले होते, कारण गोवऱ्यांचा धूर एसटीच्या वेगानं पसरतो. शिमोनरावांनी साक्ष दिली, मिशा भिजेपर्यंत रडले, आणि म्हणाले, "आता मडमनं सांगावं, कोन्या सामर्थ्यानं झालं ते." डोरीनबाई उठली. माझा हात धरला आणि म्हणाली, या वेळी नीट सांग हं पोरी. मी चेटकीण आहे, आणि चेटकीण म्हणूनही मी काही केलेलं नाही. म्हशीनं मला नाही म्हटलं. दूध तिनं दिलं, श्रेय तिचं.

मी श्वास घेतला. "मडम म्हणतात, सर्व गौरव प्रभूला."

"सुवार्ता," मागून बाबांचा आवाज आला. पहिल्यांदाच तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "ती तसं म्हणाली नाही."

मग ते डोरीनबाईकडे वळले आणि तिच्याशी इंग्रजीत बोलले. असलं इंग्रजी की माझे अठ्ठेचाळीस मार्क जागच्या जागी आठवर आले. लहानपणी ते जुन्या मडमच्या स्वयंपाकघरात वाढले होते, हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. आई उभीच राहिली. "एकवीस वर्षं झाले लग्नाले!" ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस," बाबा म्हणाले, आणि मंडळीकडे वळून त्यांनी सगळं सांगितलं. ही बाई कोण आहे, काय मानते, आपण तिला पहिल्या दिवसापासून ओळखत होतो, पण पाहुणी आजारी होती आणि पोरीला सगळ्यांदेखत खोटं पाडायचा धीर झाला नाही.

चर्चमध्ये असा आवाज उठला की हार्मोनियममधून दोन उंदीर बाहेर पडून दाराकडे गेले. चेटकीण! आपल्या चर्चमध्ये! शिमोनरावांचा चेहरा वांग्यासारखा झाला. आता दोघींना धोंडे मारतात की काय, म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात राहेलबाईंची काठी फरशीवर आपटली. "थांबा बे! सुवार्ते, मी मडमले माह्या गुडघ्यावर आशीर्वाद मागतला, तवा तू म्हटलं, मडम म्हन्तात विश्वास धर. खरं काय म्हटलं होतं तिनं?"

"म्हटलं होतं की... गरम तेल लावा आणि छपरावर चढणं सोडा."

राहेलबाईंनी काठी बाजूला ठेवली. "हे तं माह्या सुनेनं बी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "शहानी बाई आहे."

आणि मग बांध फुटला. प्रत्येकाला आपलं खरं भाषांतर हवं होतं. सोमवारपासूनचं सगळं. मी उभी, घाम पुसत एकेकाचं परत सांगतेय, चुकलं की बाबा दुरुस्त करतायत, आणि लोक प्रवचनाला कधी बसले नाहीत इतके मन लावून बसलेत. तिप्पट परत येण्याचा नियम ऐकून तर कुणी तरी मागून ओरडलं, "म्हन्जे ज्यानं माही कोंबडी नेली, त्याच्या तीन जातीन?" डोरीनबाई म्हणाली, तीन कोंबड्या नाही, पण तेवढा त्रास नक्की. यावर समोरच्या बाकावरचा एक जण खाली मान घालून बसला तो शेवटपर्यंत. कुणी विचारलं, तुमची जादू न् आमची प्रार्थना, फरक काय? डोरीनबाई म्हणाली, मी उभी राहून करते, तुम्ही गुडघ्यावर. बाबा म्हणाले, फरक त्याहून मोठा आहे. तिला वाटतं की सगळं सामर्थ्य जगातच आहे, मला वाटतं ते देणारा जगाबाहेर उभा आहे. म्हणून मी हात रिकामे धरतो. ती म्हणाली, मी त्यात मीठ धरते. दोघं हसले. रोडगे बाहेर गार होत होते आणि कुणी उठत नव्हतं. डोणगावात असं पहिल्यांदा घडत होतं.

शिमोनराव मात्र हसले नाहीत. ते बाकांमधून चालत पुढे आले. "हे सारं ठीक आहे. पन म्हशीनं दूध देल्लं, हे तं खरं ना? मडमनं नाही केलं म्हन्ते. मंग पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेनं झालं. तसं सांगा, म्हन्जे पत्राचा विषय मिटला."

एकच शब्द लागत होता. हो. आई बाबांकडे बघत होती. मी मनातल्या मनात देवाला, डोरीनबाईच्या देवीला, चारही दिशांना, सगळ्यांना एकदम विनवत होते.

"मी चंद्रीसाठी प्रार्थना केली नाही," बाबा म्हणाले. "महिनाभर एकदाही नाही."

"काऊन?" शिमोनरावांचा आवाज बसला होता. "मी तुमच्या घरी येऊन सांगतलं होतं."

"भीती वाटली. लोकांसाठी मागितलं की कळत नाही, झालं की नाही. बरं वाटलं तर प्रभूची कृपा, नाही वाटलं तर प्रभूची इच्छा. पण म्हैस एक तर दूध देते, नाही तर देत नाही. मी मागितलं असतं आणि तिनं दिलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी मला तुमच्यासमोरही उभं राहता आलं नसतं आणि त्याच्यासमोरही."

शिमोनरावांनी मिशा पुसल्या. मग ते म्हणाले, "चला."

"कुठे?"

"गोठ्यात. आता करा."

"पण ती तर दूध देते आता."

"म्हनूनच करा. भ्यायचं काय काम राह्यलं?"

सगळी मंडळी रस्त्यानं निघाली. पुढे शिमोनराव, मग बाबा नि डोरीनबाई, मागे काठी टेकत राहेलबाई, त्यांच्यामागे पाऊणशे माणसं. चहाच्या टपरीवरच्या लोकांना वाटलं कुणी वारलं, त्यांनी टोप्या काढल्या. गोठ्यात बाबांनी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला, आधी तिच्याकडे जरा पाहून, संमती मागितल्यासारखं, आणि प्रार्थना केली. मोठ्यानं. मी माझ्या बापाला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वगारीचं नाव घेतलं, जे त्यांना ठाऊक आहे हे शिमोनरावांनाही ठाऊक नव्हतं. दुःख मागे पडतं तेव्हा दूध येतं, प्रभू, तू हिचं दुःख पाहिलंस, आता आम्हां सगळ्यांकडेही बघ, असं काहीबाही म्हणाले. आईनं डोळे पुसले. डोरीनबाईनं पण. आमेन म्हटलं पाऊणशे तोंडांनी, आणि शिमोनराव बादली घेऊन खाली बसले.

चंद्रीनं एक थेंब दिला नाही.

शिमोनरावांनी आचळांना हात लावला, गोंजारलं, ढेप पुढे सरकवली. काही नाही. चंद्री शांतपणे रवंथ करत होती. मागे कुणी तरी खोकलं. बाबांचा हात अजून तिच्या पाठीवर होता, आणि त्यांचा चेहरा बघायची मला हिंमत झाली नाही.

शिमोनरावांनी बादलीत डोकावून पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "उद्या सकाळी या अखीन."